जिलबी बसून खायची असते

जबलपुरातल्या गढा भागातल्या आमच्या घरापासून भाजीबाजार इतका जवळ, की कढईत तेल तापत ठेवून निघावं आणि कोथिंबीर घेऊन परत यावं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, मात्र तिथे ऑटोनं जात. शेअरिंगनं नव्हे, अख्खा ऑटो एकट्यासाठी करून. परीटघडीचा कुर्ता, कानात हिन्याच्या अत्तराचा फाया, मांडीवर घडी घातलेली पिशवी, आणि स्वारी मागच्या सीटवर बरोबर मधोमध. ऑटोवाला ओळखीचा होता. तो मुद्दाम तलावाकडून वळसा घालून नेई, कारण मामाजींना बाजारात पोचायची घाई कधीच नसे. ओट्यावर बसलेलं कुणीतरी हटकून ओरडायचं, "नवाब साहब, आज किधर?" मामाजी हात उंचावून सांगायचे, "ज़रा रियासत देख के आते हैं, भैया!" आणि पालकाची एक जुडी घेऊन परत यायचे.

रियासत म्हणजे काय, तर दोन खोल्या, पुढं एवढंसं अंगण आणि त्यात एक पेरूचं झाड. आयुष्यभर फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये नोकरी केलेला माणूस. पेन्शनीत घर चालायचं. पण थाट असा, की नवीन माणसाला वाटावं, बरगीकडे यांची शेकडो एकर जमीन असेल.

मी लग्न होऊन पुलगावहून इथं आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी मामाजींना स्टीलच्या गिलासात चहा नेऊन दिला. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. त्यांनी गिलासाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पोरी, घरात कोणाले ताप आहे काय?"

"नाही जी."

"मग हा काढा काहून आणला?"

मी कानकोंडी झाले. ते स्वतः उठले, काचेच्या कपाटातून निळ्या फुलांच्या कपबशा काढल्या आणि चहा त्यात ओतला. स्वयंपाकघरातून सासूबाई, म्हणजे आई, कडाडल्या, "अहो, ते पाहुण्यांचे कप आहेत!"

"पाहुणे वर्षातून दोनदा येतात. मी तर रोज येतो," मामाजी म्हणाले आणि बशीत फुंकर घालत बसले. मला हसू दाबता आलं नाही. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

त्यांच्या चैनी सगळ्या अशाच. थंडीत पेरूखाली खुर्ची टाकून अंगाला तीळतेल चोळत उन्हात बसायचं. उन्हाळ्यात सुरईच्या तोंडाशी वाळ्याची जुडी खोचायची. वर्तमानपत्राची घडी दुसऱ्या कुणी आधी मोडली, तर ते वाचायचेच नाहीत, म्हणायचे, "हे तर उष्टं झालं." हिवाळ्यात मटार आला की शेंगा तव्यावर भाजून घ्यायच्या, वर मीठ-लिंबू, आणि एकेक शेंग दातांनी ओढत संध्याकाळ काढायची. अविनाश, म्हणजे माझा नवरा, चिडवायचा, "बाबा, एवढ्या वेळात लोक जबलपूरहून नागपूरला पोचतात." मामाजी म्हणायचे, "पोचू दे नं बाप्पा. तिथं तरी ते काय करून राहिले? पुन्हा निघायची घाईच करून राहिले."

पण सगळ्या चैनींची राणी म्हणजे रविवारची खोव्याची जिलबी. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणायची. काळीसावळी, जाडजूड, पाकात मुरलेली. ती ते चिनीमातीच्या बशीत घेत, शेजारी पाण्याचा पेला ठेवत, आणि जिलबी संपेपर्यंत कुणाशी बोलत नसत. फोन वाजला तरी उचलत नसत.

आणि मी? मी शाळेत गणित शिकवते. राइट टाऊनमध्ये शाळा आहे, सकाळी स्कूटीवरून धावत जायचं. माझं जेवण म्हणजे पोळीची गुंडाळी एका हातात आणि हेल्मेट दुसऱ्या हातात. रविवारीसुद्धा सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानंच. आई त्याच्याही पुढच्या. त्या कधी जेवतात हेच मला पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं.

मग मामाजींच्या पायाला जखम झाली आणि भरता भरेना. तपासण्या झाल्या, साखर भलतीच निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं, भात बंद केला, पायावर जोर देऊन फिरणंही बंद केलं. आईंनी घराची पोलीसचौकी केली. साखरेचा डबा कपाटात गेला, कपाटाची किल्ली कमरेला गेली. त्यांचंही काय चुकलं? कुंकवाचा धनी हवा होता त्यांना.

मामाजी भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. त्यांनी कुर्ते इस्त्रीला टाकणं सोडलं. अत्तराची कुपी तशीच पडून राहिली. चहा स्टीलच्या गिलासात दिला तरी मुकाट्यानं प्यायले. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. जखम भरत आली, साखर उतरली, पण माणूसच उतरत चालला. एके दिवशी आई पदराला हात पुसत मला हळूच म्हणाल्या, "वसुधा, हे साखरेनं जातील म्हणून मी भ्याली होती. आता वाटते, साखरेवाचूनच जातात की काय."

त्या रविवारी मी काय विचार केला देव जाणे. बडा फुहाऱ्यावर गेले आणि एक जिलबी बांधून आणली. मामाजींच्या खाटेशी गेले आणि पुडी दाखवली. म्हटलं, "नुसता वास घ्या. वासात साखर नसते."

त्यांनी वास घेतला. डोळे मिटले. मग म्हणाले, "आता तू खा."

मी उभ्या उभ्या मोठा घास घेतला.

"अगं, उभ्यानं काय खातेस घोड्यासारखी! जिलबी बसून खायची असते. बशी आण. पाणी आण. खुर्ची घे. हं. आता सांग, कशी आहे?"

"गोड आहे."

मामाजी खाटेवर ताडकन उठून बसले. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजाला धार आली होती. "गोड आहे! जिलबी गोड असते हे मले माहीत आहे. पुढं?"

"पुढं... मऊ आहे."

"कुठं मऊ? वरून का आतून? दाताले आधी काय लागते? बी.एड. झालेली बाई तू, अन् एक जिलबी सांगता येत नाही?"

आता हे ऐकून मी गप्प बसणार होते की काय! दुसरा घास घेतला, हळू चावला, आणि सांगितलं, की वरची कड जराशी चिवट आहे, मग दात आत जातो तसा खोवा रवाळ लागतो, आणि पाक लगेच सुटत नाही, गिळल्यावर मागून येतो. मामाजींनी मांडीवर थाप मारली. "मागून येतो! बरोब्बर! आता आली लायनीवर."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहून इस्त्रीचा कुर्ता मागितला.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी अंगणात दोन खुर्च्या पडू लागल्या. मी खायचं आणि त्यांना सांगायचं. कधी जिलबी, कधी सीताफळ, कधी कढईतून काढलेली मूगडाळीची गरम मुगोडी. घाई केली की ओरडा बसायचा, "पेपर तपासून राहिली काय?" शाळेतल्या बायका विचारायच्या, रविवारी करतेस काय? मी सांगायचे, सासऱ्यांची नोकरी. पण खरं सांगते, आठवडाभर मी त्या नोकरीची वाट पाहायची. भांडी तशीच पडलेली, कपडे तारेवर, आणि मी आपली बाई खुर्चीत बसून सीताफळाच्या बिया ओठांनी सोडवतेय! माहेरीही माझे असे लाड कुणी केले नव्हते.

मामाजी आईंनाही हाक मारायचे, "तू बी ये नं, बस जराशी."

"मला कामं आहेत," आतून ठरलेलं उत्तर यायचं. आई दारापर्यंत येत, चौकटीला टेकून दोन मिनिटं पाहत, आणि "सासरा तसाच अन् सूनही तशीच" असं पुटपुटत परत जात.

वर्षभरानं डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून शाबासकी दिली. म्हणाले, सणासुदीला एखादा छोटा तुकडा चालेल. आईंनीच घरी येऊन किल्ली काढली. त्या रविवारी मी अर्धी जिलबी त्यांच्यापुढं केली. त्यांनी बशी माझ्याकडं सरकवली.

"खा तू."

"अहो, डॉक्टर हो म्हणालेत."

"मले तिची चव पाठ आहे पोरी. साठ वर्षं खाल्ली. तुले आताकुठं कळून राहिली."

मी बशी घेतली आणि एक घास तोडला. मला इतके दिवस वाटत होतं, की मी त्यांच्यासाठी खातेय. खाता खाता डोळ्यांतून पाणी आलं. मामाजी म्हणाले, "रडत खाऊ नको, खारट होईल."

गेल्या थंडीत ते गेले. पेरूखाली, उन्हात, तेल लावून झाल्यावर, इस्त्रीचा कुर्ता घालून. मरणसुद्धा त्यांनी आरामात घेतलं.

दहाव्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेलो. पिंड ठेवले. आईंनी पहाटेच अविनाशला बडा फुहाऱ्यावर पिटाळलं होतं. पिंडाशेजारी पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं खोव्याची जिलबी ठेवली. म्हणाल्या, "आता काय साखर वाढणार आहे त्यांची." आणि पदर तोंडाला लावला.

कावळा येईना. म्हणजे कावळे होते, पलीकडच्या झाडावर बसले होते, पण ढुंकून पाहायला तयार नव्हते. अविनाशनं हात जोडून सांगितलं, आईची काळजी करू नका. मग सांगितलं, पेरूचं झाड तोडणार नाही. मग सांगितलं, कप पाहुण्यांसाठी ठेवणार नाही, रोज वापरू. कावळे ढिम्म. ऊन चढलं. आईंचा चेहरा पाहवेना. त्या एकच म्हणत होत्या, "मी बंद केलं नं त्यांचं सगळं. माझ्यावरच रागावले." शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा आई माझ्याकडं वळल्या. पुडीतली एक जिलबी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"तू खा."

"इथं? आई, सुतक आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. बसून खा. अन् त्यांना सांग."

मी घाटाच्या पायरीवर बसले. सगळे पाहत होते, गुरुजींचा हात थांबला होता. मी एक घास घेतला, सावकाश चावला आणि मोठ्यानं म्हणाले, "मामाजी, पहाटेची आहे, म्हणून कड जरा जास्त चिवट झाली आहे. आतून मात्र अजून ओली आहे. खोवा आज थोडा जास्त भाजलाय, किंचित कडसर लागतो, पण तो कडसरपणा बरा वाटतोय. पाक मागून येतोय. तुम्ही म्हणायचे तसाच, मागून येतोय." मी दुसरा घास घेतला. म्हटलं, "मी घाई करत नाहीये, मामाजी."

पंखांचा आवाज झाला. कावळा पिंडावर येऊन बसला होता.

मी गणित शिकवते. त्या कावळ्याला भूक लागली असेल, माणसं शांत झाली म्हणून धीर आला असेल, हे मला कळतं. पण अविनाश लहान पोरासारखा रडत होता आणि मी जिलबी संपवल्याशिवाय उठले नाही.

घरी परतताना अविनाशनं अख्खा ऑटो केला. मागच्या सीटवर मधोमध, मामाजींच्या जागी, आई बसल्या. तलावाजवळ आल्यावर त्यांनी पुडी उघडली, उरलेल्या जिलबीचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसून काही खाताना पहिल्यांदाच पाहत होते. त्या समोर पाहत चावत राहिल्या.

मी विचारलं, "कशी आहे, आई?"

"गोड आहे."

"जिलबी गोड असते हे मले माहीत आहे," मी म्हणाले. "पुढं?"

आईंनी माझ्याकडं पाहिलं. हसल्या. मग ऑटोवाल्याच्या खांद्याला बोट लावून म्हणाल्या, "भैया, ज़रा लंबे रास्ते से चलो," आणि दुसरा तुकडा मोडला.