सुनंदाची कापसाची बुचं

फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकल घेत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, ऑफिसात फोन आहे, डोंबिवलीहून." सुनंदाच्या मिस्टरांचा आवाज होता. "कमलताई, सुनंदा गेली... चहा टाकला होता तिने, तो उतू गेला म्हणून मी आत गेलो तर..." हृदयविकार होता, हे मला नंतर कळलं. प्रयोगशाळेत परत आले आणि ब्युरेटची तोटी उघडी ठेवून गप्पा मारणाऱ्या एका मुलावर विनाकारण ओरडले. त्याला काही आठवडे होऊन गेले. भेटेल तो म्हणतो, तुमची जिवलग मैत्रीण ना? होती. पण तो शब्द लिहिताना हात अडखळतो, कारण ओळख झाल्यापासून मी सुनंदाचा हेवा करत आले, आणि ती गेली तरी तो हेवा काही गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी बी. एस्सी. होऊन डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. माझे वडील कराडजवळच्या एका गावात शिंपी होते. घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. विठ्ठलवाडीला मामांच्या दोन खोल्यांत राहायचे आणि रोज कामाला जाताना मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानायचे. वडिलांचे, मामांचे, ज्यांनी मला घेतलं त्या साहेबांचे. सुनंदा डोंबिवलीला लागूनच्या कोपरची, तिथल्याच जुन्या शेतकरी घरातली. तीही घरातली पहिलीच पदवीधर, पण तिला कुणाचे आभार मानायचे असतात हे ठाऊकच नसावं. उशिरा यायची, चप्पल भिरकावायची आणि म्हणायची, "कमल, काल ती बुरशी जेवली का गं?"

बुरशी म्हणजे आमचं काम. ही बुरशी साखर खाते आणि तिच्यापासून आत आधी सायट्रिक, मग ॲकोनिटिक आम्ल बनवते. मग तिच्यातलं एक विशिष्ट एन्झाइम त्या ॲकोनिटिकमधून कार्बन डायऑक्साइड काढून घेतं आणि उरतं ते इटाकॉनिक आम्ल. धागे आणि रंग बनवणाऱ्यांना ते हवं असतं. हे असंपृक्त आम्ल, म्हणजे त्याच्या रेणूत एक दुहेरी बंध असतो. ब्रोमीन घातला की तो बंध ब्रोमीनला धरून ठेवतो आणि तांबूस रंग नाहीसा होतो. जितका ब्रोमीन खर्च, तितकं आम्ल. सुनंदा म्हणायची, "असंपृक्त म्हणजे काय, तर अजून भूक आहे. पोट भरलेलं नाय त्याचं." मी हेच पुस्तकातल्या चार ओळी पाठ करून सांगायचे. साहेब माझं ऐकून मान हलवायचे आणि तिचं ऐकून हसायचे. मला ते हसणं हवं होतं.

आणि तिची बुचं! बुरशी वाढवायच्या काचेच्या चंबूच्या तोंडाला कापसाचं बूच लावायचं असतं. हवा आत जावी, बाहेरचे जंतू जाऊ नयेत. सैल झालं तर दुसरीच बुरशी शिरते, घट्ट झालं तर आपली गुदमरते. सुनंदा कापसाची पट्टी घेऊन, गप्पा मारत, खाली न बघता तिची गुंडाळी करायची. तिचं बूच किंचित पिळून ओढलं की टप् असा गोल आवाज यायचा. माझी बुचं एकतर निसटायची नाहीतर अर्धी हातात यायची. "अगं, पोळी लाटल्यासारखं काय दाबतेस? तिला कळू दे ना, आपण तिला गुंडाळतोय ते," ती म्हणायची. मी घरी उशीचा कापूस काढून सराव केला. मामी म्हणाल्या, "नोकरी लागली की नवी उशी आण हो." उशी चपटी झाली, आवाज काही आला नाही.

मग साहेबांनी सांगितलं, एकच जागा कायम होणार आहे. जिच्या चंबूत जास्त आम्ल, तिची. मला ती जागा हवी होती, फार हवी होती. वडिलांची नजर अधू होत चालली होती, सुई ओवायला आई बसायची. सुनंदाला काय, कोपरला भात पिकतच होता, असं मी मनाशी म्हणायचे... हिशेब माझ्या सोयीचा होता. तिच्या घरी मी कितीदा तरी जेवले होते. तिची आई तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढत म्हणायची, "खा गो बाय, हडकली किती!" सुनंदाची जुनी साडी नेसून ती पाट्यावर वाटण वाटायची, हेही मी बघत होते आणि बघून सोडून देत होते.

त्या खेपेला माझी बुरशी पहिल्यांदाच फोफावली. ब्रोमीन भराभर खर्च झाला. सुनंदाने माझी ब्युरेट, म्हणजे ब्रोमीन मोजायची नळी, वाचली, मग स्वतःची. "अगं, आपण सारख्याच झालो की! तुझं टिपूसभर जास्तच आहे." मग माझ्या चंबूकडे बघून म्हणाली, "आजच काढ हां. साखर संपत आली. उद्यापर्यंत ठेवलंस तर स्वतःचंच आम्ल खायला लागेल ती."

हे खरं होतं. साखर संपली की ती बुरशी दुसरी एन्झाइमं कामाला लावते आणि स्वतः बनवलेलंच मोडून खाते. मलाही ते वाचून ठाऊक होतं. पण माझ्या मनात आलं, ही मला का थांबवतेय? मला टिपूसभर नको होतं, साहेबांना डोळे विस्फारून बघावं लागेल इतकं हवं होतं. "राहू दे, उद्या बघते," मी म्हणाले. तिने तिचे चंबू काढले, गाळले, हात धुतले आणि दारातून पुन्हा म्हणाली, "कमल, ऐक गं..." मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बुरशी लठ्ठ दिसत होती आणि ब्रोमीनचा तांबूस रंग तसाच राहिला होता.

सुनंदा कायम झाली. तिने पेढे वाटले आणि पहिला मलाच दिला. मी पुढे शिकले, कल्याणच्या कॉलेजात लागले. वडिलांची सुई सुटली, आईवडील माझ्याकडे आले. तक्रार करावी असं काहीच नाही, आणि मी करत नाही. पण नव्वदच्या दशकात ती विभागप्रमुख झाली तेव्हा अभिनंदनाचा फोन करायला मी दोन दिवस लावले. वर्गात असंपृक्त आम्लं शिकवताना "अजून भूक आहे" हे तिचं वाक्य वापरते. मुलं हसतात, तेव्हाही मला वाटतं, हे हसू तिचं.

परवा डोंबिवलीला तिच्या घरी गेले. तिची मुलगी स्वयंपाकघरात होती. "मावशी, आई सगळ्यांना सांगायची, कमलचं आम्ल माझ्यापेक्षा जास्त भरलं होतं. फक्त ती थांबली नाही, नाहीतर ती जागा तिचीच." इतकी वर्षं ती हे सांगत आली होती. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं का, कोण जाणे... म्हणजे इथेही तीच पुढे.

ओट्यावर दिव्याच्या तेलाची बाटली होती. झाकण हरवलेलं, तोंडाला कापसाचं बूच. मी ते किंचित पिळून ओढलं. टप्. पुन्हा लावलं, पुन्हा ओढलं. मुलगी म्हणाली, "न्या ना मावशी, आईची आठवण." मी नको म्हणाले. तिचं बूच घेऊन मी काय करू? मला तसं करता यायला हवं होतं.

घरी येऊन कापूस काढला. गुंडाळी केली, बाटलीला लावली, ओढली. अर्धी हातात आली.