धरलेला सड

काल जन्मलेल्या पिल्लाचे दात कापून मी त्याला आईजवळ सोडलं. डुकराचं पिल्लू जन्मल्यापासूनच आपला एक सड धरू लागतं. हेही भावंडांमधून वाट काढत नेमकं आपल्या सडाशी गेलं. त्यानं सड तोंडात धरला, पण ओढला नाही. नुसतं थरथरत राहिलं.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि मला त्याचा अभिमान आहे. पशुवैद्यकीच्या कॉलेजात वेदनेची सगळी लक्षणं शिकले. पण जे तोंड दुखतंय, त्याच तोंडानं आईला धरावं लागतं, हे तिथं कुणी बोललं नव्हतं.

शेडवर काम करणाऱ्या सखूमावशींनी दुसरं पिल्लू पुढे केलं. "घ्या ताई. आईला चावतात म्हणून सगळ्यांचेच कापतात इथं."

"हिला कुणी चावलंय का, ते बघू आधी."

"आता डुकरिणीलाच विचारा," मावशी हसल्या, पण खाली बसल्या. आम्ही एकेक सड पाहिला. कुठंही ओरखडा नव्हता.

मी कटर पेटीत ठेवला. मावशींनी हातातलं पिल्लू सोडलं, तसं ते धडपडत जाऊन पिऊ लागलं. शेजारचं दात कापलेलं अजून सड नुसता धरूनच होतं.