अपमानाचे बटाटे

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी विभाने बटाट्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि कोबी चिरायला घेतला. कोबी चिरायला तिला सांगितलं होतं. बटाटे उकडायला कोणी सांगितलं नव्हतं.

दुकान जपानमधल्या कावासाकी शहरातलं, नदीकाठच्या स्टेडियमसमोरचं. तिथे बेंतो मिळतात, म्हणजे डब्यात भरलेलं जेवण: भात, लोणचं, चिरलेला कोबी आणि वर काहीतरी तळलेलं. मालक ओकाबे-सान वरच्या मजल्यावर राहतात आणि साडेसहाला खाली उतरतात. पातेल्यावरचं झाकण त्यांना दिसणार होतं. मग ते काय म्हणतील, यावर विभाचा वर्षातला एकमेव मोठा दिवस अवलंबून होता, आणि यंदा तो दिवसच सामन्यांच्या समितीने रद्द केला होता.

विभा कोल्हापूरची. नवरा विवेक पुण्याचा, इथल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत सॉफ्टवेअर लिहायला आलेला. त्र्याण्णव साली तिघं कावासाकीत उतरली, तेव्हा मुलगी स्वरूपा कडेवर होती. मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर विभाने हे अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरलं. काम कोबीचं. चार वर्षांत तिने जेवढा कोबी चिरला तेवढा तिच्या माहेरच्या अख्ख्या पेठेने खाल्ला नसेल.

ओकाबे-सान असागिरी विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची टीम आहे. या खेळात माणसं चेंडू हातात घेऊन पळतात, आणि त्याला फुटबॉल का म्हणतात हे विभाने पहिल्याच आठवड्यात विचारून पाहिलं होतं. उत्तर मिळालं नाही. ओकाबे-सान स्वतः कधी खेळले नाहीत. ते प्रोत्साहन पथकात ढोल वाजवायचे. या पथकाने प्रेक्षकांकडे तोंड करायचं असतं आणि मैदानाकडे पाठ. त्यामुळे विद्यार्थिदशेतली चार वर्षं त्यांनी एकही सामना धड पाहिला नाही. त्यांच्या निष्ठेला त्याने काही बाधा आली नाही, उलट ती जास्तच निर्मळ राहिली.

असागिरीचं वैर मात्सुकावा विद्यापीठाशी. दोन्ही टीम पहिल्या श्रेणीत, पण नेहमी तळाला, एकमेकींना चिकटून. बाकीच्या सामन्यांत दोघी हरायच्या. नोव्हेंबरात एकमेकींशी खेळायच्या, तेव्हा एकीला जिंकावंच लागायचं, आणि तेवढ्यावर पुढचं वर्ष निघायचं.

त्या दिवशी दुकानात एक नियम असायचा. कात्सु म्हणजे डुकराच्या मांसाचा तळलेला कटलेट, आणि जपानीत जिंकण्यालाही कात्सुच म्हणतात. म्हणून सामन्याआधी कात्सु खातात. असागिरीवाल्यांना ओकाबे-सान कात्सु द्यायचे. मात्सुकावावाल्यांना मात्र काही केल्या नाही. त्यांना कोरोक्के, बटाट्याचा साधा कटलेट. कोरोबु म्हणजे आपटणे. ज्याला शब्द कळतो त्याला अपमान कळतो, आणि मात्सुकावाचे लोक शिकलेले होते.

चौऱ्याण्णव साली सामन्याच्या सकाळी कोरोक्केत घालायचा खिमा संपला. विभाने विचारलं, आता काय घालू? ओकाबे-सान कात्सुच्या कढईवर होते. न वळता म्हणाले, "तेकितो."

हा शब्द विभा वॉर्ड ऑफिसच्या जपानी वर्गात नुकतीच शिकली होती. पुस्तकात अर्थ दिला होता: योग्य, यथायोग्य, जिथे जे शोभेल ते. पुस्तक खोटं नव्हतं. फक्त जपानी माणूस घाईत तेकितो म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, घाल काहीतरी, कोण बघतंय. हा दुसरा अर्थ वर्गात पुढच्या सत्रात होता.

विभा सायकलवरून घरी गेली. तोक्योतल्या उएनोच्या बाजारातून आणलेली मोहरी, हळद, आलं, लसूण आणि डब्यासोबत खायला केलेला ठेचा असं सगळं घेऊन आली. फोडणी दिली, बटाटे कुस्करले, यथायोग्य केलं. वरून जपानी पावाचा चुरा आणि आत कोल्हापूर.

मात्सुकावाच्या लोकांनी ते खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि मध्यंतरात ते परत रांगेत उभे राहिले. पुढच्या वर्षी दुकान उघडायच्या आधीच रांग होती. ते त्या पदार्थाला असागिरीचा अपमान म्हणायचे आणि दोन-दोन मागायचे. ओकाबे-सान यांना हे मुळीच पसंत नव्हतं. पण अपमान थांबवणं म्हणजे मात्सुकावाचा मान ठेवण्यासारखं झालं असतं.

अशा रीतीने विभाला वर्षातून एक दिवस मिळाला. घरी विवेकला पित्त, स्वरूपाला तिखट नको, आणि ती वड्यालाही कोरोक्केच म्हणायची. आपल्या हाताची चव लोक रांग लावून खातात, असा तो एकच दिवस. मात्सुकावाच्या पथकाचे म्हातारे म्होरके हिरोसे दरवर्षी काउंटरवर डबा उघडायचे, एक घास घ्यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे की असागिरीच्या लोकांना लाज नाही. विभाला याहून मोठी शाबासकी जपानात कोणी दिली नव्हती.

मग समितीने लीगची फेररचना केली.

पत्रक निघालं, त्यात समतोल हा शब्द सात वेळा होता. गेल्या वर्षीच्या क्रमवारीवरून टीम एकाआड एक उचलून दोन गट करायचे, अ आणि ब. प्रत्येकाने आपल्याच गटात खेळायचं. पद्धत निर्दोष होती. जे एकमेकांना चिकटून असतात त्यांनाच एकाआड एक पद्धत वेगळं करते, एवढं सोडल्यास तिच्यात काही खोट नव्हती. असागिरी अ गटात गेली, मात्सुकावा ब गटात. ज्यांची तक्रार होती त्यांच्यासाठी समितीने सभा घेतली. दोन्ही टीम आपापल्या गटात पहिल्या आल्या तर अंतिम सामन्यात नक्की भेटतील, असं तिथे एका सदस्याने सांगितलं. त्या संध्याकाळी ओकाबे-सान हसले, आणि हसले ते तेवढंच.

दुसरा तोडगाही होता. वसंतात दोन्ही विद्यापीठांनी हवं तर मैत्रीचा सामना खेळावा. ओकाबे-सान म्हणाले की मात्सुकावाशी मैत्री करायला वडिलांनी त्यांना असागिरीत घातलं नव्हतं.

विभाला हे सगळं चटकन कळलं. तिच्या माहेरी पेठेपेठेची तालीम आणि तालमीतालमीची फुटबॉल टीम. दोन तालमींचा सामना असला की सोयरिकीतली माणसं आठवडाभर एकमेकांकडे चहाला जायची नाहीत. त्या दोन तालमींना कुणी वेगवेगळ्या गटात टाकलं असतं, तर गट पाडणाऱ्याला पेठेतून चालत जाता आलं नसतं. हे तिने विवेकला सांगितलं. विवेक म्हणाला की पद्धत तर्कशुद्ध आहे, त्यानेही अशीच केली असती, आणि कोल्हापूरकरांना भांडायला चेंडूसुद्धा लागत नाही. "अहो, पुण्यात चेंडू असतो, भांडणही असतं," विभा म्हणाली, "फक्त दुपारी बंद असतं." त्यानंतर त्या घरात फेररचनेवर चर्चा झाली नाही.

साडेसहाला ओकाबे-सान खाली आले. पातेल्याकडे पाहिलं. झाकण उचललं, परत ठेवलं.

आज समोरची टीम उत्तरेकडच्या एका विद्यापीठाची, तीन तास बसने येणारी. विभाने विचारलं की त्यांना कोरोक्के देणार ना. ओकाबे-सान यांनी एप्रनची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"विभा-सान, त्या लोकांची आपली ओळख नाही," ते म्हणाले. "ओळख नसताना अपमान करणं बरं दिसत नाही."

बटाट्यांचं सॅलड करा, असं त्यांनी सांगितलं. मेयोनेझ फ्रिजमध्ये आहे. विभाने हो म्हटलं, बटाटे सोलले, एका परातीत काढले, वर ओलं फडकं टाकलं आणि कोबीकडे वळली. मेयोनेझ तिने फ्रिजमधून काढलं नाही. सांगितलेलं काम टाळायची तिची ही चार वर्षांतली पहिली वेळ होती. फोडणीचं सामान पिशवीत तसंच होतं.

दहाला उत्तरेकडचे समर्थक आले. संख्येने थोडे, फार सभ्य. प्रत्येकाने वाकून कात्सु मागितला आणि ओकाबे-सान यांना द्यावा लागला. मागून असागिरीचे आले, त्यांनीही कात्सुच घेतला. समोरासमोरचे दोन्ही पक्ष एकाच कढईतला विजय घेऊन रस्ता ओलांडून गेले. कुणी कुणाला काही बोललं नाही. पूर्वी या दिवशी दुकानासमोर रस्ता अडायचा. आज पोलीस होता, पण त्याला काम नव्हतं, म्हणून त्यानेही एक कात्सु घेतला.

पावणेअकराच्या सुमारास रांगेत हिरोसे दिसले.

गळ्यात मात्सुकावाचा हिरवा मफलर. त्यांच्या टीमचा सामना त्याच दुपारी तोक्योच्या पार पश्चिम टोकाला होता, इथून रेल्वेने दीड तास. तिकडे एकला खेळ सुरू होणार होता. ओकाबे-सान यांनी त्यांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. रांग सरकली. हिरोसे काउंटरपाशी आले आणि म्हणाले की नेहमीचं द्या.

ओकाबे-सान म्हणाले की आज तुमच्याशी सामना नाही, त्यामुळे कोरोक्के नाही.

बरं, मग कात्सु द्या, हिरोसे म्हणाले.

ओकाबे-सान यांचा चिमटा हवेत थांबला. मात्सुकावाच्या माणसाला या दुकानातून कात्सु गेलेला नव्हता, आणि फेररचनेच्या पत्रकात याबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. सामना नाही म्हणून अपमान करता येत नाही. माणूस मात्सुकावाचा, म्हणून विजय देता येत नाही. दुकान तळणाने भरलेलं होतं आणि या एका गिऱ्हाइकाला विकण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मागे रांग वाढत होती. जपानी रांग ओरडत नाही, फक्त जास्त शांत होते.

"त्या ब गटात लोक फार चांगले आहेत," हिरोसे काउंटरवर हात टेकून म्हणाले. "गेल्या आठवड्यात हरलो, तर समोरच्यांनी आमचं सांत्वन केलं. अडुसष्टाव्या वर्षी हे बघायचं राहिलं होतं."

ओकाबे-सान यांनी चिमटा कढईच्या कडेला ठेवला.

"बटाटे उकडलेले आहेत," विभा म्हणाली.

ओकाबे-सान वळले. परातीवरचं फडकं त्यांना दिसलं, बाजूची पिशवीही दिसली. मेयोनेझ कुठे दिसलं नाही. ते हिरोसेंकडे बघत राहिले, मग पुन्हा कढईकडे वळले, आणि पाठमोरेच म्हणाले, "तेकितो."

विभा जागची हलली नाही. वर्गाचं ते पुढचं सत्र तिने केव्हाच पुरं केलं होतं.

"कुठलं तेकितो, ओकाबे-सान?"

रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला.

"पुस्तकातलं," ओकाबे-सान म्हणाले.

तळण होईपर्यंत हिरोसे बाजूला उभे राहिले आणि त्यांची गाडी चुकली. त्यांनी डबा काउंटरवरच उघडला. एक घास खाल्ला. डोळे पुसले. असागिरीच्या लोकांना लाज नाही, असं त्यांनी नेहमीच्या आवाजात जाहीर केलं, आणि आणखी दोन बांधून घेतले. रांगेतल्या उत्तरेकडच्या एका बाईने हे काय आहे असं विचारलं. हा आमचा आपसातला मामला आहे, असं ओकाबे-सान यांनी तिला अदबीने सांगितलं. तरी तिने एक मागितलाच. त्यांनी दिला नाही.

दुपारी असागिरी मोठ्या फरकाने जिंकली. दुकानात कुणी त्याचा विषय काढला नाही. ज्याला सांगण्यात गंमत होती तो दीड तासावर होता. पाचच्या सुमारास फोन वाजला. हिरोसे होते. मात्सुकावा हरली होती. ते त्यांनी सांगितलं नाही, असागिरी हरली का एवढंच विचारलं. जिंकली, असं ओकाबे-सान म्हणाले. पलीकडून अभिनंदन न करता फोन ठेवला गेला. ओकाबे-सान यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला.

मग ते स्टूल घेऊन दारावरच्या फळ्यापाशी गेले. फळ्यावर रोजचे पदार्थ खडूने लिहिलेले असतात. सगळ्यात खाली त्यांनी लिहिलं: मात्सुकावा कोरोक्के. पुढे कंसात: रोज. सामना असो वा नसो, असा त्यांचा हेतू. अपमानासाठी समितीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहणं त्यांना यापुढे परवडणार नव्हतं. विभाने विचारलं की फळ्यावर वडा असं लिहिता येईल का. ओकाबे-सान यांनी विचार केला आणि सांगितलं की वड्याचा त्यांना काहीच राग नाही, तेव्हा ते नाव चालणार नाही.

घरी तिने विवेकला सांगितलं की आता रोज करायचंय. एका अर्थी त्या गोष्टीची अपूर्वाई गेली, असं विवेक म्हणाला. एका अर्थी ते खरं होतं. स्वरूपाने जपानीत विचारलं की आईला आता रोज लवकर जावं लागणार का. विभाने ठेच्यासाठी मिरच्या निवडायला घेतल्या होत्या. ती मराठीत हो म्हणाली.

उद्या रविवार. सामना असागिरीचा नाही आणि मात्सुकावाचाही नाही. रविवारी दुकान अकराला उघडतं. बटाटे सहाला उकडायला ठेवावे लागतात.