दारावरचा एकच फोटो

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. आमच्या एसटी डेपोत विसरलेल्या वस्तूंचं एक कपाट आहे. छत्र्या, जेवणाचे डबे, एका पायाची चप्पल. न्यायला कोणी येत नाही, टाकून द्यायचा धीर होत नाही आणि मग एक दिवस कपाटाचं दार लागेनासं होतं! माझ्या डायरीचं तसंच झालंय.

मी डेपोत कंट्रोलर. दिवसा गाड्यांच्या वेळा लिहायच्या, संध्याकाळी क्लबच्या बास्केटबॉल कोर्टावर स्कोअर लिहायचा आणि घरी आलो की दोन्हीकडं कोण काय बोललं ते डायरीत उतरवायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. सोडून दे असं सांगणारे मात्र पुष्कळ भेटले.

गेल्या वर्षभराची, म्हणजे सन दोन हजारची, पानं एकाच भांडणानं भरली आहेत. क्लबचा नवा हॉल बांधून झाला. लाकडी फ्लोअर, वर पत्रा, आत जायला एकच दार. त्या दारावर क्लबच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या खेळाडूचा फोटो लावायचं ठरलं. जागा एकाच फोटोची आणि दावेदार दोन!

एक भास्करदादा. साठी ओलांडलेले, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, मातीच्या कोर्टाच्या काळातले. दुसरा संतोष. मूळचा कन्नड तालुक्यातला, घरी शेती. औरंगाबादजवळ वाळूजला कंपनीत लागला आणि तिथंच बजाजनगरात राहिला. तो सिमेंटच्या कोर्टाचा हिरो. दोघंही सात नंबरची जर्सी घालायचे. इथूनच सगळा घोळ.

*

पहिली ठिणगी कट्ट्यावर पडली. दादा सांगत होते, "आमच्या वेळी बूट नव्हते. मातीवर चेंडू उसळायचा नाय, त्याला विनवावं लागायचं! पाण्याचे हंडे मारायचे, चुन्यानं रेघा मारायच्या, मग खेळायचं. तुम्हाला सिमेंट आयतं मिळालं."

संतोष बुटाची लेस बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, मग असं करू. फोटो त्या मातीचाच लावू!"

पोरं हसली. दादा हसले नाहीत. उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "हसा. त्या मातीत माझे दोन दात आहेत. फोटो काढताना तेवढे बघून घ्या!"

आता हसायची पाळी संतोषची होती, पण तोही हसला नाही.

*

दुसरा किस्सा तीनच्या रेघेचा. दादांच्या काळात लांबून टाका नाहीतर जवळून, बास्केटचे गुण दोनच. तीन गुणांची रेघ संतोषच्या काळात आली. दादांचं म्हणणं, "मी लांबूनच टाकायचो. माझे दोनाचे तीन धरा."

क्लबचे अध्यक्ष म्हणजे आमचे वकीलसाहेब. ते म्हणाले, "दादा, कुठून टाकायचात ते दाखवा. कंट्रोलर खूण करतील."

मी खडू घेऊन उभा राहिलो. दादांनी एका जागी पाय ठेवला. मी खूण केली. दादा म्हणाले, "नाय, जरा मागं." मी दुसरी खूण केली. "अजून मागं. त्या दिवशी वारा होता." तिसरी खूण. असं करत करत आम्ही कोर्टाची कडा ओलांडली.

संतोष ओरडला, "दादा, थांबा! अजून दोन पावलांवर रिक्षा स्टँड आहे!"

दादांनी मागं वळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "व्हय. तेव्हा नव्हतं."

*

त्यानंतर मात्र गंमत संपली. दादांची माणसं एका कट्ट्यावर, संतोषची दुसऱ्या कट्ट्यावर. चहाही वेगवेगळ्या टपऱ्यांवरून यायला लागला. अमेरिकेतले आजचे खेळाडू भारी की तीस वर्षांपूर्वीचे, यावर पोरं टीव्ही बघून वाद घालायची. तेसुद्धा बंद झालं. कारण त्या वादाचा शेवट इथल्या दोघांवरच यायचा आणि मग कोणीतरी कोणाची तरी कॉलर धरायचं.

वकीलसाहेब वैतागले. "दोघांनी पाच-पाच फ्री थ्रो टाका. लावा एकदाचा निकाल!"

आख्खा क्लब जमला. संतोष पस्तिशीचा, रोज खेळणारा. दादांनी कित्येक वर्षांत चेंडू हातात धरला नव्हता. दादा जुन्या पद्धतीनं टाकायचे, दोन्ही हातांनी, गुडघ्यांमधून वर. पहिल्या थ्रोला कोणीतरी मागून "बादली उपसतायत काय?" म्हणालं. चेंडू आत गेला. दुसराही गेला. 

चार झाले तेव्हा दोघांचे चार-चार. दादांनी पाचवा टाकला. आत! आता संतोष. त्यानं चेंडू दोनदा आपटला, टाकला आणि चेंडू रिंगच्या कडेला लागून बाहेर आला.

दादांचे लोक ओरडायला लागले. दादा मात्र तरातरा चालत संतोषपाशी गेले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मुद्दाम सोडलास?"

"नाय दादा."

"मला भीक नको. परत टाक!"

"अहो खरंच चुकला..."

"परत टाक म्हणतो ना!"

संतोषनं परत टाकला. तोही चुकला.

दादांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग चेंडू न उचलता निघून गेले. वकीलसाहेबांनी मला विचारलं, "कंट्रोलर, काय लिहिलंत?" मी वही मिटली. तो रकाना अजून कोरा आहे.

*

आता माझ्या चुकीचा किस्सा. हा मी टाळला असता, पण मग पुढचं कळणार नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "तोंडानं बोलणं पुरे. रजिस्टरं काढा." संतोषच्या काळातली रजिस्टरं माझीच. दादांच्या काळातली सिद्दिकी मास्तरांनी लिहिलेली. मास्तर निजामाच्या काळात शिकलेले. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पण मास्तरांनी स्कोअर शेवटपर्यंत उर्दूतच लिहिला. ती रजिस्टरं ट्रंकेत पडून होती.

उर्दू आकडे मला येतात, अक्षरं येत नाहीत. म्हटलं, आकडेच तर मोजायचेत. मास्तरांची पद्धत चोख. एका सामन्याला समोरासमोरची दोन पानं. एका पानावर आपला संघ, दुसऱ्यावर पाहुणा. डाव्या पानापासून सुरुवात करून मी प्रत्येक सामन्यातल्या सात नंबरचे गुण मोजले. तीन आठवडे लागले. दोनदा पडताळलं आणि कट्ट्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. दादांचे गुण संतोषच्या निम्मेही भरत नव्हते!

 संतोषच्या माणसांनीही टाळी वाजवली नाही. दादांनी विचारलं, "दोनदा मोजलंस?" मी म्हणालो, "व्हय, दादा." त्यांनी चपला घातल्या आणि गेले. चार दिवस ते कोर्टावर आले नाहीत.

पाचव्या दिवशी रशीदभाई आले. रशीदभाई म्हणजे आमचे टेलर. क्लबच्या जर्सींवरचे नंबर इतकी वर्षं तेच शिवतात. त्यांनी सहज रजिस्टर उघडलं, माझा कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"कंट्रोलरसाब, ये क्या कर दिए! उर्दू सीधे हाथ से चलती. अपनी टीम का पन्ना ये उजवा है. तुम तो पूरे तीन हफ्ते पाहुणों का सात नंबर गिने!"

 आयुष्यभर एकाही गाडीची वेळ चुकवली नव्हती आणि इथं आख्खा माणूस चुकवला!

तडक दादांच्या घरी गेलो. दारातच उभे होते. मी सगळं सांगितलं, हात जोडले. दादा चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चार दिवस मी एकच विचार करतोय, कंट्रोलर. लोक सांगतात म्हणून मला आठवतंय, की झालं होतं म्हणून आठवतंय?"

मग त्यांनीच विचारलं,

"हैदराबादच्या मॅचचं पान सापडलं का?"

"मला अक्षरं कुठं येतात, दादा. हैदराबादचं पान कोणतं ते कळलं नाही."

"बरं," म्हणाले आणि दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत दादांच्या घरून चहा न घेता परतलो, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

*

हैदराबादच्या मॅचबद्दल सांगायला हवं. हैदराबादचा एक तगडा संघ इथं आला होता. एका गुणानं आपण मागं, शेवटचे काही सेकंद उरलेले आणि दादांनी अर्ध्या कोर्टावरून बास्केट मारून मॅच काढली. ही औरंगाबादेत सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. मी ती मॅच पाहिलेली नाही. पाहिली म्हणणारे मात्र दर वर्षी वाढतात!

मी नव्यानं मोजणी केली. उजव्या पानावरून. या वेळी दादा आणि संतोष इतके जवळ आले की निकाल देणं अवघड झालं. दादांच्या काळी सामने कमी, संतोषच्या काळी तीनची रेघ. मी मीटिंगमध्ये स्पष्टच सांगितलं, "आकड्यांवरून ठरत नाही."

पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. तेव्हा संतोष उभा राहिला. "थांबा. मी सांगतो. मला पण तो फोटो पाहिजे, खोटं कशाला बोलू. माझी आई कन्नडहून खास बघायला यायची म्हणतीय. पण हैदराबादसारखी मॅच मी काढली नाय. त्या मॅचचं पान वाचा. शेवटची बास्केट दादांच्या नावावर असंल, तर माझं नाव मागं. नसंल, तर दादांनी मागं घ्यावं."

सगळ्यांनी दादांकडं पाहिलं. दादा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "मंजूर."

सिद्दिकी मास्तरांची एक सवय होती. प्रत्येक मॅचच्या पानाखाली ते शेवटची बास्केट कोणाची, हे एका ओळीत अक्षरांत लिहीत. ती ओळ मला वाचता येत नव्हती. म्हणून रशीदभाईंना बोलावलं. ते दुकान बंद करून आले, गळ्यात टेप तशीच. चष्मा लावला. पान शोधलं. ओळीवर बोट ठेवलं.

बोट तिथंच राहिलं. 

वकीलसाहेब म्हणाले, "वाचा ना, रशीदभाई."

रशीदभाईंनी घसा साफ केला. "लिखा है... आखरी बास्केट, नंबर सात, भास्कर."

एकच जल्लोष झाला! दादांच्या माणसांनी बाकावर उड्या मारल्या. संतोषनं डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि दादांच्या पाया पडायला वाकला.

दादांनी त्याला मध्येच थांबवलं. उठले, गर्दीतून वाट काढत रशीदभाईंपाशी गेले आणि रजिस्टर स्वतःकडं ओढलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोलीस ॲक्शनच्या आधी इथल्या शाळांत शिकवणं उर्दूतून चालायचं. दादांच्या पहिल्या चार इयत्ता त्यातच गेल्या होत्या! रोज मराठी पेपर वाचणाऱ्या दादांकडं बघून आमच्यापैकी कोणालाच हे सुचलं नव्हतं.

दादा ती ओळ वाचत होते. ओठ हलत होते. मग त्यांनी रशीदभाईंकडं पाहिलं.

"रशीद, इथं हबीब लिहिलंय."

कोणालाच काही कळेना. हबीब हे नाव आमच्या कट्ट्यावर कधी निघालंच नव्हतं.

रशीदभाई खाली बघत होते. दादा हलक्या आवाजात म्हणाले, "सख्ख्या भावाचं नाव तुला वाचता येत नाय व्हय?"

रशीदभाईंना भाऊ होता, हेही आम्हाला त्या दिवशी कळलं.

"वो तो कब का चला गया, दादा," रशीदभाई म्हणाले. "कराची. खत बी बंद हो गए. लोगां तुम्हारा नाम लेते, मेरेकू अच्छा लगता."

बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते.  दादांनी रजिस्टर मिटलं. दोन्ही हात त्यावर ठेवले आणि विचारलं, "हबीबचा फोटो आहे का घरी?"

रशीदभाईंनी चष्मा काढला.

"एकीच है, दादा. पर उसमें तुम बी हो."