पिल्लाला उताणं धरून दूध पाजू नका

झरीकर मंडळी, आज सकाळी आमच्या कडब्याच्या गंजीत मांजराची तीन पिल्लं सापडली. डोळेही उघडलेले नाहीत. काल रस्त्यावर जी मांजर गाडीखाली गेली, तिचीच ही.

शेळीचं दूध कोमट केलं, कापसाची वात भिजवली आणि एकाला मांडीवर उताणं घेतलं. पस्तीस वर्षांपूर्वी लेकीला असंच पाजायचो, शाळेतली कविता गुणगुणत. आजही तीच ओठांवर आली. दुसऱ्या कडव्याला पिल्लाच्या नाकातून दूध आलं आणि ते निपचित पडलं.

बायको चूल सोडून धावली. "अहो, माणसाचं लेकरू हाय का ते? पालथं धरा की! अन् ती कविता बंद करा आधी, त्याला गिळू तर द्या!"

तिनं त्याचं नाक पुसलं, पदरात घेऊन पाठ चोळली. थोड्या वेळानं ते शिंकलं.

बाकीची दोघं आता नीट पितात. ते मात्र अजून तोंड उघडत नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मांजरीचंच दूध मिळालं तर जगेल.

आसपास कुणाची मांजर नुकतीच व्यालीय का? सांगा, टोपली घेऊन लगेच निघतो.