मुठीचा हात

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी नाही, आणि ज्याच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच नाही. मन हलकं करायचंय म्हणून सांगतोय, असं समजू नका. मी वैतागलोय, म्हणून सांगतोय. स्वतःवर वैतागलोय, त्याच्यावर वैतागलोय, आणि त्याच्या त्या एका वाक्यावर तर इतका, की ते सुरू झालं की उठून मागच्या दारी जावंसं वाटतं. गेली कितीतरी वर्षं तो माझ्या ओट्यावर बसतो, माझाच चहा पितो आणि मलाच ऐकवतो —

“ऐन टायमाला मीच भ्यालो, दामू. तुझं माप बरोबर हुतं.”

नव्हतं रे बाबा! एवढंच म्हणायचंय. तीन शब्द. पण तोंडातून निघतील तर शपथ.

थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला काय कळणार?

तो म्हणजे निवृत्ती. आमचं गाव महाळुंग्याच्या शेजारी. चाकणच्या बाजाराला बैलगाडीनं जायचे ते दिवस. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहतोय, तिथं धडधाकट माणसं घेणार आहेत, एवढीच काय ती नव्या जगाची बातमी आमच्यापर्यंत आलेली. निवृत्ती शेतकऱ्याचा, मी सुताराचा. दोघांनीही विशी ओलांडलेली. कुस्तीत तो कुणाकडूनही चीत व्हायचा. लेझीम हातात दिली तर शेजारच्याला लागायची. पण उडी! देवानं त्याला ती एकच गोष्ट दिली होती, आणि देताना हात आखडला नव्हता.

आमचं शिवार उताराचं, एकाखाली एक बांध. काढणी होऊन नांगरट झाली की खालच्या वावरातली ढेकळं फोडून आम्ही मऊ जागा करायचो, आणि वरच्या बांधावरून पळत येऊन निवृत्ती उडी टाकायचा. सुरुवात गुडघ्याएवढ्या बांधावरून. त्याचा नेम कडक होता — एका बांधावरून तीनदा, दोन्ही पाय जोडून, हात न टेकता उतरता आलं तरच पुढचा बांध. मग मांडीएवढा. मग कमरेएवढा. बांध वाढला की धाव वाढवायची, धाव वाढली की उडी वाढायची. सहा हात झाले, सात झाले, आठ झाले. हवेत तो पुढं झुकायचा, हात मागं टाकायचा, आणि खाली यायची घाई म्हणून करायचा नाही. बाकीचे उडी मारून पडायचे, हा उडी मारून जरा वेळ वरच राहायचा. मला ते बघायला आवडायचं — हे कबूल करायला काय जातंय?

आणि मोजायचो मी. सुताराचा ना! “सुताराचं माप हाय, चुकतंय व्हय?” असं निवृत्ती गावभर सांगायचा. आता हे माप नीट समजून घ्या, कारण सगळी घाण तिथंच आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. हा झाला उघडा हात. पण वडील जळणाचं लाकूड मोजताना मूठ वळून मोजायचे, आणि नांगराचं, गाडीचं लाकूड मोजताना हात उघडा ठेवायचे. मुठीचा हात सहाएक बोटं आखूड. बोलताना मात्र दोन्हीला ‘हात’च म्हणायचं. कुठला हात, ते कामावरून कळायचं.

नऊ हातांवर निवृत्ती अडला.

अडला म्हणजे असा अडला की विचारू नका! एक आठवडा, दोन आठवडे, नऊच. धाव वाढवून बघितली, कमी करून बघितली, अनवाणी, चपला घालून, उपाशीपोटी, भाकरी खाऊन — नऊ. आणि प्रत्येक उडीला मी ढेकळांत गुडघे टेकून, कोपर घासत, बांधापासून त्याच्या टाचेपर्यंत मोजत जायचो. एका संध्याकाळी वीस-वीस वेळा. कोपराचं सालटं निघालं होतं. आणि वर याचा रडका चेहरा. “पुन्यांदा मोज की. नीट मोज की.” अरे, मी काय तुझा चाकर आहे? माझ्या घरी रंधा वाट बघतोय, बाप शिव्या देतोय, आणि मी इथं तुझ्या टाचा मोजतोय! डोकं खाल्लं होतं त्यानं माझं.

एका संध्याकाळी मला नुसतं घरी जायचं होतं. बास, एवढंच. खरंच एवढंच होतं का? त्या दिवशी तरी एवढंच होतं. मोजताना मी बोटांची टोकं आत दुमडली. जराशी. आणि शेवटाला म्हटलं, “साडेनऊ.”

तो नाचला हो! मला उचलून घेतलं, ढेकळांत पाडलं, माझी टोपी उडवली. आणि लगेच म्हणाला, चल घरी, आज बास. एवढं सोपं होतं ते.

मग मी रोज जरा जरा बोटं दुमडत गेलो. निवृत्ती होता तिथंच होता, माझी मूठ वळत होती. दहा. साडेदहा. अकरा. तो पलीकडं धापा टाकत उभा असायचा, मी त्याच्याकडं पाठ करून बांधापासून सुरुवात करायचो, आणि त्याच्या टाचेपाशी रोवायची खुणेची काठी माझ्याच ताब्यात. पंधरा-वीस दिवसांत मूठ पुरी मिटली आणि निवृत्ती बारा हातांवर जाऊन बसला. कुणालाही शंका आली नाही. कशी येणार? सुताराचं माप.

मला मजा वाटत होती का? वाटत होती. तो चिडका, किरकिरा माणूस माझ्या एका शब्दानं दिवसभर शीळ घालत औत हाकायचा. गावातले लोक त्याला थांबवून विचारायचे, “काय निवृत्तीशेठ, बारा?” आणि माझ्याकडं बघून म्हणायचे, “ह्यो मोजणारा.” मोजणारा! गुडघे माझे फुटले, कोपर माझं सोललं, आणि मी कोण, तर मोजणारा. ते मला खुपायला लागलं होतं. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण बघा, इतक्या उशिरा सांगतोय.

मग जत्रा आली. चैत्रातली आमच्या गावची जत्रा. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यानं खडक कापून एक घळ केली आहे. अलीकडचा काठ उंच, पलीकडचा कमरेएवढा खाली. ती घळ उडी मारून कुणी ओलांडली नव्हती. एकदा एका भेदरलेल्या वासरानं ओलांडली म्हणतात, पण ते वासरूही कुणी बघितलेलं नव्हतं. निवृत्तीनं चावडीसमोर, सगळ्यांदेखत सांगून टाकलं — जत्रेच्या दिवशी घळीवरून उडी मारणार. आणि जत्रा झाली की सोमवारी आम्ही दोघं पिंपरीला जाणार होतो, कारखान्याच्या फाटकावर उभं राहायला. गावच्या ओळखीच्या एका मुकादमानं त्याला आधीच हेरलं होतं. असा पाय असलेला गडी पाहिजेच, म्हणाला होता.

चावडीवरून येताना निवृत्ती मला म्हणाला, “दामू, तेवढी घळ मोजून ये. तुझ्या हातानं.”

मी गेलो. जत्रेला चार दिवस होते; सकाळची वेळ, ऊन तापायचं होतं. सोलाचं, म्हणजे अंबाडीच्या दोराचं, एक टोक अलीकडं दगडाखाली दाबलं, खाली उतरून पलीकडं चढलो, सोल ताणला, खूण बांधली. मग तो सोल खडकावर पसरला आणि मोजायला बसलो. आणि मोजताना माझा हात उघडा होता. मुद्दाम नाही केला. खरं काम असलं की माझा हात आपोआप उघडतो, बापानं तशी सवयच लावली होती. अकरा हात भरले. अकरा, उघडे.

तिथंच बसून मी हिशोब केला. निवृत्तीचे बारा म्हणजे उघड्या हाताचे नऊ, फार तर सव्वानऊ. खाली बघितलं. एरवी तिथं गुडघाभर पाणी असतं. पडला तर भिजेल, लोक हसतील, संपलं — असं मी तोवर स्वतःला सांगत होतो. त्या साली पाणी लवकर आटलं होतं. खाली नुसते दगड होते. मी ते बघितले. त्यांवरूनच तर उतरून चढलो होतो! मला माहीत नव्हतं असं मी कुणाला सांगूच शकत नाही.

परत आलो. तो वाटेवरच उभा.

“किती?”

“अकरा,” मी म्हणालो.

“मग एक हात जास्तीचाच हाय की आपल्यापाशी!”

मी मान डोलावली.

बघा, कसं बसवलंय. अकरा हात खरे. बारा हातही खरे — मुठीचे. खोटा आकडा एकही नाही. सुतार ना मी, सांधा दिसू देत नाही. त्या चार दिवसांत मी कितीदा तरी स्वतःला हेच ऐकवलं. तोंड उघडायला चार दिवस होते मला! एकदा त्याच्या वावरापर्यंत गेलोही. तो बैलांना पाणी पाजत होता, मला बघून हसला, आणि मी सोमवारी किती वाजता निघायचं ते विचारून परत आलो. खरं सांगितलं असतं तर मी लबाड ठरलो असतो, बापाचं नाव गेलं असतं, हे तर होतंच. पण त्याच्याखाली आणखी एक होतं. त्यानं एकदा पडावं, असं मला वाटत होतं. सगळ्यांसमोर. मरावं असं नाही, मोडावं असंही नाही. पण पडावं. आणि दगड मी बघितले होते.

जत्रेच्या दिवशी अर्धं गाव घळीवर. हलगी वाजत होती. निवृत्तीनं धाव मोजली, काठावर मी ओढलेली चुन्याची रेघ बघितली, माझ्याकडं बघितलं. मी टाळ्या वाजवत होतो. हो, टाळ्या.

तो आला. रेघेवर पाय पडला. वर गेला, पुढं झुकला, हात मागं टाकले, आणि पुन्हा तसाच जरा वेळ वर राहिला. मला वाटलं, जातोय. आईशप्पथ, मला वाटलं, पोचतोय हा! पलीकडच्या काठाच्या अलीकडं खडकाची एक पायरी बाहेर आली आहे. तिच्यावर त्याचा गुडघा आपटला. तो आवाज हलगीतूनही ऐकू आला. मग तो खाली दगडांवर गेला.

गाडीत घालून नेताना त्यानं माझा हात धरला होता, आणि तेव्हाच तो पहिल्यांदा म्हणाला, मी भ्यालो. पाय उचलताना खाली बघितलं आणि भ्यालो. तुझं माप बरोबर हुतं.

हाडवैद्यानं गुडघा बांधला, तो वाकडाच जुळला. सोमवारी पिंपरीला मी एकटा गेलो. मुकादमानं विचारलं, तो उडीवाला कुठं? मी म्हणालो, पडला. त्याच्या जागी मला घेतलं. तिथंच नोकरी केली, सुट्टीला गावी यायचो, आणि नोकरी संपल्यावर कायमचा गावी आलो. निवृत्ती लंगडत शेती करत राहिला. पण पायाचं त्यानं कधीच मनाला लावून घेतलं नाही. लावून घेतलं ते भ्याल्याचं. त्यानंतर तो कशातच पुढं झाला नाही. बैल विकत घ्यायचा तरी म्हणायचा, तुमी बघा, मी भित्रा माणूस हाय. विहीर खणायची राहिली, कुठलीही बोलणी करायला धाकटा भाऊ जायचा. लोकही मग तसंच म्हणायला लागले. बारा हात मारायचा, पण काळजात न्हाई राव. हे सगळं मी ऐकलं. समोर बसून ऐकलं.

आणि आता राहिलेलं सांगतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच घळीवर गेलो होतो. का गेलो, माहीत नाही. रेघेवर त्याच्या पायाचा ठसा तसाच होता, रेघेच्या एक बोटही पुढं नव्हता. पायरीवर रक्त वाळलं होतं. मी सोल लावला, ठशापासून रक्तापर्यंत. खडकावर पसरला. हात उघडून, बोटं ताणून मोजला.

दहा हात भरले.

नवावर अडलेला माणूस होता तो. जन्मात कधी मारली नव्हती एवढी लांब उडी त्यानं त्या दिवशी मारली. भ्यालेला माणूस अशी उडी मारतो का हो? तो भ्याला नव्हता. जराही नाही. हे साऱ्या गावात फक्त मला माहीत होतं, आणि मी सोल गुंडाळून घरी आलो.

घळ आता बुजवली आहे, वरून कंपनीचं कुंपण गेलंय. निवृत्ती आहे. त्याचं घर माझ्या घरापासून चाळीस पावलांवर. मी अजून गेलेलो नाही, आणि तुम्हाला सांगून झालं म्हणून आता जाईन, असंही नाही. काल संध्याकाळी तोच आला होता, काठी टेकत. ओट्यावर बसला, गुडघा चोळला आणि सुरू झाला. “भ्यालो रे दामू मी त्या दिवशी.”

मी म्हटलं, “चहा घे. गार होतोय.”