काका फीसाठी बसले

सरकारी, निमसरकारी आणि खासगी अशा सर्व प्रकारच्या कचेऱ्यांतल्या बाकांचा आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका दांडगा अनुभव असलेला माणूस भाईंदर पूर्वेला दुसरा सापडणार नाही, आणि पश्चिमेलाही सापडेल असं मला वाटत नाही. फोर्टमधल्या एका कंपनीच्या जावक विभागात त्यांनी सगळी नोकरी केली. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा मिळालेल्या रकमेतून कुणी रिक्षा घेतली, कुणी मुलीचं लग्न उरकलं. काकांनी सर्वात आधी रेक्झिनची एक छोटी गादी शिवून घेतली. ती घडी करून पिशवीत मावायची. पिशवीत तिच्यासोबत पाण्याची बाटली, चणे-कुरमुऱ्यांचा डबा आणि छत्री. एवढं घेऊन काका सकाळी निघाले की इमारतीला समजायचं, काल कुठेतरी कुणीतरी काकांना ‘नाही’ म्हटलेलं आहे आणि पुढे आपलं काय होणार याची त्या बिचाऱ्याला अजून कल्पना नाही.

काका भांडत नसत. आवाज चढवत नसत, ओळखी काढत नसत, चहापाण्याचं तर नावच नको. ते फक्त बसत. त्यामागे त्यांचा एक पक्का सिद्धांत होता. ते म्हणायचे, "पहिलं उत्तर टेबल देतं. माणूस दुसऱ्या खेपेला बोलतो. तोपर्यंत आपण उठायचं नाही." आमच्या इमारतीला पाणी कमी दाबाने यायचं म्हणून ते पाणी खात्यात जाऊन बसले, ती हकीकत आमच्या नवघर भागात बरेच दिवस चालली. खिडकीशेजारच्या बाकावर ते इतक्या ठामपणे बसले होते की रांगेतले लोक त्यांनाच कागद दाखवू लागले. काकांनी एका आजींना सांगितलं, झेरॉक्स राहिली आहे. एकाला सांगितलं, सही मराठीत चालेल. दुपारी खिडकीमागचा खरा कारकून बाहेर आला आणि काकांना म्हणाला, "साहेब, मी जरा जेवून येऊ का?" काकांनी त्याला परवानगी दिली. आमचं पाणी दुसऱ्या आठवड्यात सुधारलं.

बाजारातही तीच तऱ्हा. तारोडी गावची एक कोळीण नवघरला मासळी घेऊन यायची. काका घासाघीस करत नसत. भाव विचारायचे, तो पटला नाही की तिच्या शेजारी रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर गादी टाकायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे. थोड्या वेळाने ती कपाळाला हात लावायची. "घ्या ओ काका, न्या बोंबील. या भावात परवडत न्हाय मना. पन तुमी असं बसल्यावर गिऱ्हाईक लांबूनच परत जातंय, त्ये त्याहून परवडत न्हाय." काकूंना या सवयीचं काहीच वाटत नसे. एकदा आईने त्यांना विचारलं, तुम्ही कसं हो सहन करता? काकू कोथिंबीर निवडत म्हणाल्या, "आमचं लग्न तसंच झालंय. माझ्या वडिलांनी नाही म्हणून सांगितलं, तर हे येऊन ओट्यावर बसले. वडील बोलेनात, हे उठेनात. शेवटी आईने कंटाळून पान वाढलं. एकदा वाढल्यावर काय राहिलं?"

मी तालुक्याच्या शाळेतून दहावी होऊन भाईंदरला आलो. बाबा इथे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला, त्यामुळे बारावीनंतर मला ठाण्याच्या बाजूच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात जागा मिळाली तेव्हा घरात आनंद आणि भीती एकाच दिवशी आली. फीचा आकडा बाबांनी दोनदा वाचला आणि कागद देवापुढे ठेवला. कॉलेजच्या विश्वस्तांचा गरजू मुलांसाठी एक निधी होता. मी अर्ज केला आणि अर्धी फी माफ झाल्याचं पत्र आलं. आईने साखर वाटली. उरलेल्या अर्ध्या फीचं काय, हा प्रश्न मात्र तसाच होता. ठरल्या तारखेला पैसे भरले नाहीत तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाकडे जाणार होती. बँक शिक्षणासाठी कर्ज देते असं कळलं होतं, पण बाबांनी आयुष्यात कारखान्याच्या शेठकडून उचल घेतली होती तेवढीच. कर्ज म्हटलं की त्यांचा घास तोंडातच फिरायचा. "पोराने नोकरीला लागायच्या आधीच डोक्यावर ओझं घ्यायचं? त्यापेक्षा साधं बी.एस्सी. करू दे," ते आईला म्हणाले. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. मला झोप लागली आहे असा त्यांचा समज होता.

दुसऱ्या दिवशी काका पत्र वाचून गेले. वाचताना त्यांचा चेहरा खुलला. "अर्धी म्हणजे टेबलाचं उत्तर," ते म्हणाले. "हे बघ, सवलत म्हणजे ते सोडणार ते पैसे, कर्ज म्हणजे तू नंतर देणार ते पैसे. आधी त्यांच्याकडून सोडवून घ्यायचं, उरेल तेवढंच बँकेतून उचलायचं. उलटं केलंस तर ते म्हणतील, कर्ज मिळालंय ना, मग आमच्याकडे कशाला आलास?" मला हे पटलं. आजही पटतं. काकांनी फेरविचाराचा अर्ज स्वतः सांगून लिहवून घेतला आणि विश्वस्तांनी आम्हाला भेटीला बोलावलं.

इथे आमचं सगळ्यांचं चुकलं, आणि ते केवळ चांगल्या वळणामुळे चुकलं. मोठ्या माणसांकडे जायचं तर नीट जायचं, हे आमच्याकडे न सांगता ठरलेलं असतं. अख्खी इमारत मला सजवायला लागली. वरच्या मजल्यावरच्या गुजराती शेठच्या मुलाचा लग्नातला कोट मला चढवला. काकांनी आपलं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ दिलं, त्यांच्या जावयाचे बूट पुढे कापूस घालून माझ्या पायात बसवले. बाबांनी मामाच्या लग्नातला सफारी काढला. काकूंनी पेढ्यांचा पुडा दिला, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं? आणि शेठ म्हणाले, "बस से कशाला जाता? मेरी गाड़ी ठाणा जाणारच आहे. आरामसे बसा." अशा रीतीने बाबा, काका आणि मी गरिबी सिद्ध करायला घोडबंदर रस्त्याने गार हवा खात, ड्रायव्हर असलेल्या मोटारीतून निघालो.

विश्वस्तांमध्ये एक वयस्कर बाई प्रमुख होत्या. पांढरे केस, शांत आवाज. त्यांनी खिडकीतून आम्हाला उतरताना पाहिलं होतं. त्यांनी माझे मार्क पाहिले, मान हलवली आणि बाबांना मायेने विचारलं, "घरी काही अडचण आहे का?" बाबा हात जोडून उभे राहिले. "नाही नाही बाई, देवाच्या दयेने आणि आपल्या आशीर्वादाने सगळं ठीक आहे." मोठ्या माणसाने विचारलं तर बाबांच्या तोंडून दुसरं काही निघणंच शक्य नव्हतं. मी त्यांच्या पायाला पाय लावला, पण त्या बुटात माझा पाय कुठे आहे हे माझं मलाच कळत नव्हतं. बाईंनी काकांना विचारलं, "परत जायला वाहन आहे ना?" काका ऐटीत म्हणाले, "आहे ना, खाली गाडी उभी आहे." मग आम्ही पेढे दिले.

आठवड्याभरात पत्र आलं. कुटुंबाची परिस्थिती समाधानकारक दिसल्याने अर्ध्या फीची सवलत पाव फीवर आणण्यात येत होती. काका आजवर अनेक ठिकाणी बसले होते, पण असलेलं घालवून परत येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. ते जिन्यावरच टेकले, गादीसुद्धा न घेता. शेठना कळलं तेव्हा ते खाली येऊन म्हणाले, "अरे, ये तो मेरी गाड़ी ने तुमचा नुकसान केला." आई म्हणाली, आता फाटका शर्ट घालून जाऊ दे त्याला. काका उठले. "नाटक नको. एकदा झालं तेवढं पुरे. आता मी एकटा जातोय."

ते पिशवी घेऊन गेले ते रोज जातच राहिले. बस बदलत जायचे, संध्याकाळी यायचे. तिकडे ते विश्वस्तांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसत. इकडे फी भरायची तारीख जवळ येत होती. अखेर बाईंनीच त्यांना आत बोलावलं. पुढचं मला बाईंच्या शिपायाने नंतर सांगितलं, कारण काकांनी स्वतः ते कधीच नीट सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही तर गाडीवाले. काका म्हणाले, "गाडी वरच्या मजल्यावरच्या शेठची. कोट शेठच्या मुलाचा. घड्याळ माझं, बूट माझ्या जावयाचे, पेढे बायकोचे. मार्क तेवढे पोराचे स्वतःचे आहेत." बाई खूप हसल्या म्हणे. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही त्याचे कोण?" काका म्हणाले, "मी? मी खालच्या मजल्यावर राहतो."

अर्धी फी पुन्हा माफ झाली, शिवाय पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयातून वर्षभरासाठी मिळणार होती. काका विजयी मुद्रेने घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "उद्या परत जातो. पुस्तकांपर्यंत आल्यात, म्हणजे अजून वाव आहे." तेव्हा बाबांनी बशी खाली ठेवली. बाबांनी काकांना कशालाही नाही म्हटल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "राहू द्या काका," ते म्हणाले. "बाईंनी चूक आमची असून ऐकून घेतलं. आता आणखी मागायला नको. तारीख आलीये. उरलेलं मी बँकेकडून घेतो." काकूंच्या वडिलांनीही काकांना इतक्या सौम्यपणे नकार दिला नसेल.

मग काकांनी सगळी ताकद बाबांच्या तयारीकडे वळवली. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून काका बँक मॅनेजर झाले.

"बोला, घरची परिस्थिती कशी आहे?"

"ठीक आहे, साहेब."

"ठीक असेल तर कर्ज कशाला पाहिजे?"

"म्हणजे तशी ठीक नाही. पण तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"अहो, त्रास घेण्यासाठीच तर मॅनेजरला पगार आहे. आणि तुम्ही उभे का राहिलात?"

"तुम्ही साहेब झालात ना."

"बसा. कर्ज मागायला आलायत तुम्ही, गुन्हा कबूल करायला नाही."

आई ओट्याशी पदर तोंडाला लावून हसत होती. बाबा बसायचे आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा उठायचे. त्यांचं जेवण त्या संध्याकाळी गार झालं, पण ते कंटाळले नाहीत.

बँकेत आम्ही तिघे गेलो. काका वाटेत म्हणाले, "मी तोंड उघडणार नाही." आणि खरंच त्यांनी उघडलं नाही, हे त्यांना किती जड गेलं असेल ते मलाच माहीत. मॅनेजर तरुण होता. त्याने बाबांना बसायला सांगितलं आणि बाबा बसले, ते उठले नाहीत. "परिस्थिती बेताची आहे, साहेब," बाबा म्हणाले. त्यांच्या नखांत पॉलिशचा काळा रंग होता आणि त्यांनी हात टेबलाखाली घेतले नव्हते. "पगार कमी आहे पण वेळेवर होतो. अर्धी फी कॉलेजने सोडली. उरलेली तुम्ही दिलीत तर पोरगा शिकेल. शिकला तर तो फेडेल, नाही तर मी आहे." मॅनेजरने दोन-चार प्रश्न विचारले, कागद पुढे सरकवले. कर्ज तारखेच्या आत मंजूर झालं.

बाहेर आल्यावर बाबांनी आम्हाला चहा पाजला. टपरीसमोरच्या कट्ट्यावर आम्ही ओळीने बसलो. काका ग्लास हातात फिरवत म्हणाले, "मॅट्रिकनंतर मलाही कॉलेजला जायचं होतं. वडील मला घेऊन नादारी, म्हणजे गरिबाची फीमाफी, मागायला गेले होते. कारकून म्हणाला, जागा भरल्या. वडील दारातच उभे होते. त्यांना कुणी आत या म्हटलं नाही. त्यांनी नमस्कार केला, आणि आम्ही घरी आलो." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. बाबांनी त्यांचा ग्लास आपल्या ग्लासात घालून टपरीवाल्याला परत दिला.

त्या कर्जाचा शेवटचा हप्ता मी माझ्या पगारातून भरला तेव्हा काका-काकू मुलीकडे नाशिकला राहायला गेले होते. मी फोन केला. काकांना आता कमी ऐकू येतं, म्हणून मी मोठ्याने सांगितलं, "काका, फिटलं सगळं." ते म्हणाले, "बाबांना सांगितलंस?" मी म्हटलं, आधी तुम्हाला सांगतोय. ते नेहमीच्या सुरात म्हणाले, "वेडा आहेस. फोन ठेव, आधी त्यांना सांग. मी इथेच आहे."